आखूड बाजू

बुद्धिबळाच्या पटावर सगळ्यात उशिरा कामाला लागतो तो हत्ती. चार कोपऱ्यांत चार हत्ती. पुढे प्याद्यांची भिंत, बाजूला घोडा. घोडे आणि उंट पहिल्या पाच-सहा खेळ्यांतच बाहेर पडतात, एकमेकांना खातात आणि पटाशेजारी आडवे होतात. वजीर तर आमच्याकडची पोरं दुसऱ्या खेळीलाच काढतात, कारण चार खेळ्यांतली मात कुणी ना कुणी शाळेत शिकवून ठेवलेली असते. हत्ती मात्र कोपऱ्यात बसून. म्हणूनच मारामारी आटोपली की पटावर उरतात तेही हत्तीच. दोन राजे, दोन हत्ती, थोडीबहुत प्यादी आणि घड्याळात पाच-सात मिनिटं. लहान मुलांचा चुरशीचा डाव शेवटपर्यंत उभं राहून बघा, तो बरेचदा इथेच येऊन पोचतो.

आणि नेमका हाच भाग आमच्याकडे कुणी शिकवत नाही.

आमच्याकडे म्हणजे वर्धा जिल्ह्यात, आर्वी-आष्टी-कारंजा या पट्ट्यात. कापूस, सोयाबीन, तूर, मध्येमध्ये संत्र्याच्या बागा. नागपूर फार लांब नाही, पण बुद्धिबळातलं नागपूर फार लांब आहे. तिथला रौनक साधवानी २०१९ साली ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ साली. मग २०२५च्या जुलैत दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती देशाची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्या वर्षी दिवाळीत आमच्या गावच्या स्टेशनरीच्या दुकानात बंदुका-टिकल्यांच्या शेजारी गुंडाळलेले फ्लेक्सचे पट टांगलेले दिसले. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "नागपूरची पोट्टी जिंकली ना सर, तवापासून मागून राह्यले."

पट आले, मोबाइलवर फुकटचे डाव आले, तीन-तीन मिनिटांचे. क्लासवालेही आले. क्लासमध्ये काय शिकवतात, तर डावाची सुरुवात. सापळे. अमुक खेळी केली की तमुक मोहरा फुकट. त्यात शिकवणाऱ्याचा दोष मी फारसा काढणार नाही. सापळा शिकलेलं पोरगं त्याच रविवारी कुणाला तरी वीस खेळ्यांत हरवून येतं, आईबापाला दिलेल्या फीचं काहीतरी दिसतं. हत्तीचा शेवट, म्हणजे बाकीचे मोहरे संपल्यावर उरलेल्या हत्तींचा खेळ, शिकवला तर त्याचा उपयोग कधी होणार, कुणाला दिसणार? मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावात तर तिथवर पोचायच्या आधीच कुणाची तरी वेळ संपून घड्याळ पडलेलं असतं. म्हणून पोरांना डाव उघडता येतो, मधल्या भागात हाणामारीही झकास करतात, आणि सगळं उरकून पट रिकामा झाला की एकदम अडाणी होतात. पटावर मोहरे जितके कमी, तितका डाव सोपा, असा त्यांचा समज असतो. बघणाऱ्यांचाही असतो.

मी अशा स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो. पंचाचं काम विचित्र आहे. हात लावला तो मोहरा खेळायचा, हे बघायचं, घड्याळ बघायचं, शेजारच्या टेबलावरून कुणी खाणाखुणा करत असेल तर त्याला दारापर्यंत सोडून यायचं, आणि पटावर जे दिसतंय त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. चेहऱ्यावरही काढायचं नाही. पोरं फार हुशार असतात, पटाकडे कमी आणि पंचाच्या भुवयांकडे जास्त बघतात. मी अशा वेळी हात मागे बांधून छताच्या पंख्याकडे बघायची सवय लावून घेतली आहे.

ज्या डावाबद्दल लिहायला बसलो तो दिवाळीनंतरचा. आर्वी तालुक्यातल्या एका गावात, मंगल कार्यालयात. सोयाबीन निघून गेलेलं, कापसाची वेचणी सुरू, म्हणून पालक कमी आणि पोरं जास्त. सकाळी तर्री-पोहे, दुपारी मसालेभात. प्रत्येकी अर्ध्या तासाचा डाव, खेळीमागे वाढीव सेकंद नाहीत, कारण घड्याळं जमवाजमव करून आणलेली आणि त्यातली काही जुनी चावीची. मुलगी सातवीतली, काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. मुलगा नववीतला, त्याच्याकडे पांढरे. शेवटून दुसरी फेरी. बाकीचे डाव संपून पोरं बाहेर पळापळी करत होती आणि या एका टेबलाभोवती गर्दी जमत होती, तिला मी वारंवार मागे सारत होतो.

सगळं मारून झालं तेव्हा पटावर एवढंच उरलं होतं (उभ्या ओळींना डावीकडून ए ते एच अशी अक्षरं, आडव्यांना पांढऱ्याच्या बाजूनं एक ते आठ असे आकडे): मुलाचा राजा डी-५ वर, त्याच्या शेजारी ई-५ वर एकुलतं एक प्यादं, हत्ती ए-७ वर. मुलीचा राजा ई-८ वर, म्हणजे प्याद्याच्या वाटेत अगदी शेवटच्या घरात. तिचा हत्ती एच-६ वर. खेळी मुलीची. तिच्याकडे एकही प्यादं नाही. भोवतीच्या पोरांच्या दृष्टीनं डाव संपलेला. एका प्याद्यानं पुढे असलेला जिंकणार, ते प्यादं वजीर होणार, झालं.

खरं म्हणजे ही बरोबरी आहे, आणि ती कशी करायची हे फिलिडोर नावाच्या फ्रेंच माणसानं १७७७ साली छापून ठेवलंय. हा गृहस्थ व्यवसायानं संगीतकार, ऑपेरा लिहायचा, आणि बुद्धिबळात त्याच्या काळात त्याला तोड नव्हती. त्याची युक्ती इतकी सोपी की पहिल्यांदा ऐकताना यात काय विशेष असं वाटतं. बचाव करणाऱ्यानं आपला हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या आडव्या ओळीत ठेवायचा आणि तिथेच इकडून तिकडे हलवत राहायचं. समोरचा राजा ती ओळ ओलांडू शकत नाही. पुढे सरकायचं तर त्याला प्यादंच ढकलावं लागतं. प्यादं त्या ओळीत आलं रे आलं, की हत्ती पार खाली, शेवटच्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत बसायचं. आता राजाला लपायला जागा नाही, कारण ज्या घरात तो लपला असता तिथे त्याचंच प्यादं येऊन बसलंय. बस, एवढंच. पन्नास खेळ्या मोजा, बरोबरी मागा आणि अर्धा गुण घ्या.

मुलीचा हत्ती बरोबर त्या ओळीतच उभा होता. योगायोगानं. फिलिडोर तिला ठाऊक नव्हता, हे मला तिनं हत्ती उचलल्यावर कळलं. तिनं तो एच-१ वर नेला. मागून शह द्यायचे हे तिला आपसूक सुचलं होतं, फक्त एक पायरी आधी सुचलं. मुलाचा राजा ताबडतोब ई-६ वर चढला आणि पुढच्या खेळीला ए-८ वर हत्ती आणून मात करायची धमकी उभी राहिली.

तरीही डाव गेला नव्हता. आता तिला राजा बाजूला घ्यायचा होता आणि त्यासाठी घरं दोनच: डावीकडे डी-८, उजवीकडे एफ-८. उजवीकडे तीन उभ्या ओळी, मग पट संपतो. डावीकडे चार. ती थोडा वेळ दोन्हीकडे बघत राहिली आणि राजा डावीकडे नेला, जिकडे मोकळं होतं तिकडे. कुणीही नेला असता. शत्रू अंगावर आल्यावर माणूस कोपऱ्याकडे पळत नाही, मैदानाकडे पळतो.

बरोबर उत्तर कोपऱ्याकडे आहे. राजानं आखूड बाजूला जायचं, दाटीवाटीत, कारण लांब बाजू हत्तीला मोकळी सोडायची असते. हत्तीचे आडवे शह म्हणजे ज्वारीच्या मळ्यातली गोफण. पाखरू अगदी पायाशी आलं तर गोफणीचा उपयोग नाही, अंतर लागतं. शह देणारा हत्ती आणि समोरचा राजा यांच्यात तीन ओळींची फट असली तर राजा हत्तीवर चालून येईपर्यंत पुन्हा शह बसतो, पुन्हा बसतो, तो प्याद्याला सोडूनही जाऊ शकत नाही. आणि ती फट फक्त लांब बाजूला मिळते. तिथे तुमचाच राजा जाऊन बसला तर हत्तीनं जायचं कुठे? एफ-८ वर राजा गेला असता, नंतर हत्ती ए-१ वर आला असता, तर डाव अजूनही बरोबरीत होता. डी-८ वर गेल्यावर तो हरलेला होता. पटाभोवती उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच काही घडल्याचं जाणवलं नाही. मी पंख्याकडे बघितलं. वीज गेलेली होती, पंखा बंद.

इथून पुढे मुलानं चांगलं खेळलं, हे सांगायला हवं. हत्तीचा शह देऊन तिच्या राजाला आणखी लांब ढकललं, आपला हत्ती प्याद्याच्या पाठीशी आणला, तिच्या शहांतून राजा शांतपणे बाजूला काढत प्यादं एकेक घर पुढे रेटलं. हळूहळू त्याचा राजा ई-८ वर पोचला, प्यादं ई-७ वर. तिचा राजा सी-७ वर, हत्ती एफ-२ वर. त्याचा हत्ती डी-१ वर, मधल्या ओळीत भिंतीसारखा. आता राजा प्याद्याच्या वाटेतून बाजूला झाला की प्यादं वजीर. अडचण एवढीच की राजा बाहेर आला की शह सुरू होतात.

या स्थितीला लुसेनाचं नाव आहे. गंमत अशी की १४९७ सालच्या लुसेनाच्या स्पॅनिश पुस्तकात ती नाहीच. छापलेली सापडते ती साल्व्हिओच्या १६३४च्या पुस्तकात. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. तिची तोड म्हणजे 'पूल बांधणं', आणि हे नाव निम्झोविच या जुन्या खेळाडूचं. आधी सी-१ वरून एक शह द्यायचा, तिचा राजा बी-ओळीत ढकलायचा. मग राजा बाहेर काढायच्या आधी हत्ती चौथ्या ओळीत, सी-४ वर आणून ठेवायचा. बघणाऱ्याला ही खेळी निरर्थक वाटते. प्यादं एका घरावर वजीर व्हायचं थांबलंय आणि हा पटाच्या मध्यावर हत्ती कशाला नेतोय? पण मग राजा बाहेर पडतो, शह खात खात डी-७, ई-६, डी-६, ई-५ असा खाली उतरतो, आणि ई-५ वर शेवटचा शह बसला की तो सी-४चा हत्ती ई-४ वर मध्ये येऊन उभा राहतो. शह संपले. प्यादं वजीर.

मुलानं सी-१ वरून शह दिला. तिचा राजा बी-७ वर गेला. आणि मग त्यानं हत्ती तिथेच ठेवून राजा बाहेर काढला. डी-७ वर शह, ई-६ वर शह, डी-६ वर शह, ई-५ वर शह. पुलाखालून जायचा तो सगळा रस्ता तो बरोबर चालला, फक्त पूल नव्हता. अजूनही काही बिघडलं नव्हतं. डी-६ वर परत चढून पुन्हा ई-८ वर जाऊन सगळं पहिल्यापासून करता आलं असतं. घड्याळात त्याची दोन मिनिटं होती. तो परत गेला नाही. आणखी एक घर खाली, डी-४ वर आला. तिच्या हत्तीनं ई-७चं प्यादं उचललं.

गर्दीतून "अर्र" असा आवाज आला. इतका वेळ काहीच न कळलेल्यांना हे कळलं.

पटावर आता दोन राजे आणि दोन हत्ती. यात काही उरत नाही, हस्तांदोलन करायचं. पण मुलगा संतापलेला होता, कान लाल. त्यानं पटकन राजा सी-४ वर टाकला, तिच्या राजाकडे, जणू आता राजानंच जाऊन मारणार. त्याचा हत्ती सी-१ वरच होता. म्हणजे राजा आणि हत्ती एकाच उभ्या ओळीत, मध्ये दोन घरं मोकळी. तिचा हत्ती ई-७ वर. तिनं तो सरळ आडवा सी-७ वर आणला असता तर शह, राजा बाजूला होणार, आणि मागचा हत्ती फुकट. राजा कुठेही गेला तरी त्या हत्तीला राखू शकत नव्हता. एका हत्तीनं मात करणं ती सहज करते, मी पाहिलंय. जिंकलेला डाव.

तिनं हत्ती ई-४ वर नेऊन शह दिला. त्याचा राजा डी-५ वर येऊन हत्तीवर चालून गेला, तिनं हत्ती काढून घेतला, आणखी तीन-चार खेळ्या झाल्या आणि तिनं हात पुढे केला. त्यानं तो घेतला. दोघांनी मिळून निकालाच्या कागदावर अर्धा-अर्धा लिहिलं. दारात तिचे वडील मोटरसायकलला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "जिंकली का हारली?"

"बरोबरी."

"म्हंजे कोनीच नाही?"

म्हणजे कुणीच नाही. पण खरं तर डाव आधी बरोबरीत होता, मग मुलानं जिंकला होता, मग बरोबरीत आला, मग मुलीनं जिंकला होता, मग पुन्हा बरोबरीत. निकाल इतक्यांदा उलटला आणि खेळणाऱ्या दोघांना त्यातलं फक्त एकदाच काहीतरी झाल्यासारखं वाटलं, प्यादं गेलं तेव्हा.

हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण एवढ्या कमी मोहऱ्यांच्या स्थितीत आता मताला जागाच उरलेली नाही. सात मोहऱ्यांपर्यंतच्या प्रत्येक स्थितीचा पूर्ण हिशेब २०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या महासंगणकावर मांडून झाला. आमच्या पटावर तर दोन राजे धरून पाचच होते. मोबाइलवर स्थिती मांडली की लगेच दिसतं, ही खेळी जिंकते, ही बरोबरी, ही हरते. या सोयीनं एक घोळ केलाय. कुठलाही डाव यंत्रासमोर धरला की ते सगळ्या हुकलेल्या संधी एकाच लाल रंगात दाखवतं. पूल बांधला नाही ती चूक, राजा डावीकडे गेला ती चूक, हत्ती मारला नाही ती चूक. यंत्राच्या लेखी सगळ्या सारख्या. मला त्या सारख्या वाटत नाहीत.

राजा आखूड बाजूला न्यायचा, हे बारा वर्षांच्या मुलीनं पटावर बसून, घड्याळ चालू असताना, स्वतः शोधून काढावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पूल बांधायचंही तसंच. या गोष्टी शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी निवांत बसून शोधल्या, म्हणून आपल्याला माहीत. जी संधी आहे हेच ठाऊक नव्हतं ती हुकली असं म्हणायला जीभ रेटत नाही. ती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आणि पोचवायला किती वेळ लागतो? या दोन स्थिती एका दुपारी, चहा होईपर्यंत शिकवून होतात. नागपूरच्या क्लासमध्ये त्या लहानपणीच घोटून घेतात. आमच्याकडची पोरं त्या शिकतात त्या बरेचदा स्पर्धेतच, हरून, आणि हरूनही नीट शिकत नाहीत, कारण कुठे हरलो हे सांगायला कुणी नसतं. अर्ध्या तासाच्या डावात खेळ्या लिहून घ्यायचीही सक्ती नसते. डाव हवेत विरून जातो.

सी-७ वरचा शह मात्र तिचा होता. तो दिसायला फिलिडोर लागत नाही. एका ओळीत राजा आणि त्याच्यामागे हत्ती, असलं कोडं ती मोबाइलवर रोज सोडवत असेल. तेव्हा तो का दिसला नाही? मला वाटतं, ती जिंकायला बघतच नव्हती. बराच वेळ तिनं डाव वाचवला होता, प्यादं खाल्लं आणि तिच्या दृष्टीनं काम संपलं. त्यानंतरचे शह ती केवळ शह म्हणून देत होती. पटावर काय आहे त्यापेक्षा, आपण आत्ता कुठल्या डावात आहोत असं आपल्याला वाटतंय, त्यावर डोळे चालतात. हरणारा जिंकायचं बघत नाही. मुलाचंही तेच उलट्या बाजूनं. तो जिंकत होता, म्हणून परत मागे जाऊन पुन्हा सुरुवात करणं त्याला माघार वाटली असणार.

हे फक्त शाळकरी पोरांचं नाही. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईत, जगज्जेतेपदाच्या लढतीत, विश्वनाथन आनंद मॅग्नस कार्लसनपुढे पाठोपाठच्या दोन डावांत, पाचव्या आणि सहाव्या, हत्तींच्याच शेवटात हरला. दोन्हींत बरोबरी हाताशी होती. सहाव्या डावात तर साठाव्या खेळीपर्यंत तग धरून त्यानं हत्ती ए-४ वर नेला. बी-प्यादं पुढे ढकललं असतं तर डाव वाचत होता. जगज्जेता, घरचं मैदान, आयुष्यभराचा अभ्यास. फिलिडोर आणि लुसेना त्याला झोपेतही येत असतील. किंवा सिंगापूरला, तशीच लढत, १२ डिसेंबर २०२४. शेवटचा, चौदावा डाव. डिंग लिरेन आणि गुकेश, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण बरोबरीकडे चाललेला डाव. पंचावन्नाव्या खेळीला डिंगनं हत्ती एफ-२ वर नेला, समोरासमोर. हत्ती गेले, मग उंटही जाणार होते, आणि उरल्या प्याद्यांच्या शेवटात काही शिल्लक नव्हतं. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. तो ज्या चिवटपणे तासन्तास त्या कोरड्या डावात बसून राहिला, त्याची तारीफ व्हायला हवी तेवढी झाली नाही असं माझं मत आहे. लोकांनी डिंगची चूकच फार चघळली. पण चूक व्हायला समोर कुणीतरी बसून राहावं लागतं. सगळे हत्तींचे शेवट बरोबरीत सुटतात असं एक जुनं वचन आहे, कुणी ते टारॅश या जुन्या खेळाडूच्या नावावर टाकतं, कुणी टार्टाकोवरच्या. ते पटाबद्दल खरं असेल. खेळणाऱ्यांबद्दल नाही.

शेवटच्या फेरीच्या जोड्या लागायला वेळ होता, प्रिंटर रुसलेला. मी दोघांना पायऱ्यांवर बोलावलं आणि पट मांडला. आता पंच नव्हतो, बोलायला मोकळा होतो. आधी मुलीला राजाची ती खेळी दाखवली. तिनं एफ-८ कडे बोट नेलं आणि पहिला आक्षेप घेतला, "पण सर, तिकडं तं जागाच नव्हती." मी हत्ती ए-ओळीत ठेवून शह देऊन दाखवले. तिनं स्वतः चार-पाच वेळा करून पाहिलं, मुलाला म्हणाली, "आता ये बरं तू जवळ." तो येऊ शकला नाही.

मग मुलाचा पूल. त्याचं म्हणणं मला आवडलं. "मले वाटलं का हत्तीच्या जवळ गेलो तं शह संपतीन." विचार अजिबात वेडगळ नाही. राजानं हत्तीकडे चालत जाऊन शह संपवायचे ही रीत आहेच, काही स्थितींत तीच बरोबर असते. फक्त इथे राजा प्याद्यापासून सुटला की प्यादं मरतं. सी-४ वर हत्ती ठेवून मी त्याला तीच वाट पुन्हा चालायला लावली. ई-५ वर शह बसला, त्यानं हत्ती ई-४ वर आणून ठेवला आणि बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एवढंच होतं?" त्याच्या आवाजात आनंद नव्हता, फसवल्याची तक्रार होती. नववीपर्यंत हे कुणी सांगितलं नाही, याची.

सी-७चा शह दाखवावा की नाही, याचा मी विचार केला होता. दाखवला. मुलगा ओरडला, "माय वं! तिथं तं मी मेलोच होतो!" मुलीनं पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे कायले दाखवलं सर? मले तं बरोबरी चांगली वाटून राह्यली होती."

तेवढ्यात जोड्यांचा कागद लागला. शेवटच्या फेरीत ती वीस-बावीस खेळ्यांत हरली, कुठल्याशा सापळ्यात वजीर देऊन बसली. मुलगा जिंकला, त्याचा हत्ती शेवटपर्यंत कोपऱ्यातून हललाच नाही.

संक्रांतीच्या सुमाराला शेजारच्या गावी पुन्हा स्पर्धा झाली. पहिल्या फेरीआधी मी आयोजकांकडून वेळ मागून घेतला आणि भिंतीला पट टेकवून दोनच गोष्टी शिकवल्या: तिसरी ओळ, आणि पूल. आखूड बाजूची सांगायला वेळ उरला नाही, माइकवाल्याला पाहुण्यांचं स्वागत करायचं होतं. परिणाम लगेच दिसले. एका टेबलावर दहा वर्षांच्या पोरानं तिसऱ्या ओळीत हत्ती हलवत हलवत एका थोराड मुलाला इतका पिडला की तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "सर, हा खेळूनच नाही राह्यला, नुस्ता हत्ती हलवून राह्यला." मी त्याला सांगितलं, हलवू दे, नियमात आहे. आणि दुसऱ्या एका टेबलावर, जिथे अजून दोघांचेही वजीर, चारही घोडे आणि सोळाच्या सोळा प्यादी शाबूत होती, तिथे एकानं हत्ती कोपऱ्यातून काढायला किनाऱ्यावरचं प्यादं दोन घरं ढकललं आणि शेजारच्या मित्राला हळूच म्हणाला, "पूल बांधून राह्यलो." मी त्याला गप्प केलं. बोलायचं नसतं.